देश बदलताना वाईजचं बहुचलनी खातं: कुठे चालतं, कुठे अडतं

वाईज ही बँक नाही. हे आधीच सांगायचं कारण असं, की ॲप उघडलं की खाते क्रमांक दिसतो, शिल्लक दिसते, कार्डही मिळतं, आणि माणूस निर्धास्त होऊन सगळी पुंजी तिथेच ठेवून देतो. देश बदलताना पैसे एका चलनातून दुसऱ्यात नेण्यासाठी इतकी सरळ सेवा क्वचितच सापडेल. पण नव्या देशातला पगार, भाडं, विजेचं बिल, पुढेमागे घरकर्ज, हे सगळं एकट्या या खात्यावर रेटायला गेलात तर ते तोकडं पडतं. पैसे पाठवण्याची सेवा म्हणून पाचपैकी साडेचार, एकमेव खातं म्हणून अडीच. या दोन आकड्यांत इतकं अंतर का, ते पुढे येईलच.

कंपनी २०११ मध्ये लंडनमध्ये ट्रान्सफरवाईज या नावाने सुरू झाली, २०२१ मध्ये नुसतं वाईज हे नाव राहिलं. सुरू करणारे दोघे एस्टोनियाचे, तावेत हिन्रिकुस आणि क्रिस्तो केरमान. एकाला पगार युरोत आणि लंडनमधला खर्च पौंडात. दुसऱ्याला पगार पौंडात आणि मायदेशातल्या घराचा हप्ता युरोत. दोघांनी एकमेकांच्या खात्यांत स्थानिक भरणा करून बँकेला मधून काढून टाकलं. आजही आतलं तत्त्व तेच आहे. तुम्ही भरलेले पौंड ब्रिटनमधल्या वाईजच्या खात्यात जमा होतात आणि समोरच्याला युरो वाईजच्या युरो खात्यातून मिळतात. तुमच्या प्रत्येक व्यवहाराला प्रत्यक्ष पैसा सीमा ओलांडत नाही. जुन्या हुंडीची आठवण यावी असा हा हिशेब आहे, फक्त इथे परवाना, ओळखपत्र आणि पावती आहे.

तुलना करायची ती बँकेच्या परदेशी वायरशी, म्हणजे स्विफ्टच्या जाळ्यावरून बँकेने परदेशी पैसे पाठवण्याच्या जुन्या पद्धतीशी. स्विफ्ट ही १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली संस्था. ती पैसे नेत नाही, निरोप नेते. तुमच्या बँकेचं समोरच्या बँकेशी थेट खातं नसेल तर मध्ये एक किंवा दोन बँका येतात आणि प्रत्येक जण आपली दक्षिणा कापून घेतो. बँकेच्या अर्जात तीन अक्षरी पर्याय असतात: ओयूआर म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, एसएचए म्हणजे वाटून, बीईएन म्हणजे घेणाऱ्याचा. बहुतेक अर्जांत एसएचए आधीच निवडलेलं असतं आणि घोळ तिथेच होतो. घराची अनामत २,४०० युरो पाठवली, मध्यस्थाने १८ कापले, घरमालकाच्या खात्यात २,३८२ पडले. घरमालकाच्या लेखी अनामत अपुरी, म्हणून किल्ली नाही. आणि उरलेले १८ पाठवायला पुन्हा तेवढंच शुल्क. नेमकी रक्कम पोचणं महत्त्वाचं असेल तर वायरला ओयूआर निवडा, किंवा वायर टाळा. वाईजमध्ये समोरच्याच्या स्थानिक खात्यात रक्कम टाकताना ‘घेणाऱ्याला इतकेच मिळावेत’ असा आकडा खालच्या रकान्यात टाइप करता येतो, वरचा आकडा ॲप काढून देतं.

पण शुल्क ही लहान गळती. मोठी गळती दरात असते. विनिमयाचा मधला दर, म्हणजे बाजारातल्या खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य, समजा एका पौंडाला १.१५०० युरो आहे. बँक ‘शून्य शुल्क’ म्हणते आणि १.११५५ ने बदलून देते. १०,००० पौंडांचे ११,५०० ऐवजी ११,१५५ युरो हातात येतात. ३४५ युरो गेले, आणि पावतीवर शुल्काच्या रकान्यात शून्यच. बँकेचा दर भागिले मधला दर, ते एकातून वजा, गुणिले शंभर: इथे नेमके ३ टक्के. कोणत्याही सेवेला फक्त एकच प्रश्न विचारावा: माझ्याकडून एवढे गेले तर समोर किती पडतील? बाकी सगळी जाहिरात. वाईज हाच मधला दर वापरतं आणि आपलं शुल्क वेगळं दाखवतं. शुल्काचा एक भाग ठरावीक, एक भाग टक्केवारीचा, आणि चलनांच्या जोडीप्रमाणे तो बराच बदलतो. त्यामुळे ते नेहमीच सगळ्यात स्वस्त असेल असं नाही. छोट्या रकमांवर ठरावीक भाग जड जातो, आणि काही जोड्यांमध्ये दुसरी एखादी सेवा पुढे असते. पाठवण्याच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी हाच प्रश्न टाकून बघायला पाच मिनिटं लागतात.

भरणा कसा करता त्यावरही खर्च ठरतो. आपल्या बँकेतून साधं स्थानिक हस्तांतर सगळ्यात स्वस्त. डेबिट कार्ड झटपट पण महाग. क्रेडिट कार्डाचं नाव काढू नये: काही बँका त्या व्यवहाराला रोख उचल समजतात आणि पहिल्या दिवसापासून व्याज लावतात.

आता खातं उघडण्याचं. सगळ्यात मोठी चूक ही, की लोक विमानातून उतरल्यावर उघडायला बसतात. तेव्हा जुना पत्ता सुटलेला असतो, नवा कागदावर आलेला नसतो आणि जुनं सिमकार्ड बंद पडलेलं असतं. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी उघडा, जुन्या पत्त्यावर, जिथे वीजबिल किंवा बँकेचं विवरण तुमच्या नावाने हजर आहे. लागतं ते एवढंच: ईमेल, मोबाइल, पासपोर्ट किंवा मान्य ओळखपत्राचा फोटो, चेहऱ्याचा फोटो, काही देशांत पत्त्याचा पुरावा. पासपोर्टचा फोटो नाकारला जाण्याची कारणं ठरलेली आहेत. लॅमिनेशनवर दिव्याची चमक, एखादा कोपरा कापलेला, किंवा तळाच्या दोन ओळी, ज्यांत बाण-चिन्हं आणि आकडे असतात, त्या अस्पष्ट. खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, गडद टेबलावर ठेवून काढला की पहिल्याच खेपेला जातो.

नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. मधलं नाव गाळलं, आडनाव आधी आलं, लग्नानंतरचं नाव एका कागदावर आणि आधीचं दुसऱ्यावर, की पुढे प्रत्येक टप्प्यावर अडतं. वाईज फक्त तुमच्याच नावाच्या खात्यातून आलेला भरणा घेतं. वडिलांच्या खात्यातून भरलेत तर पैसे परत जातात, आणि त्यात दिवस मोडतात. संयुक्त खातं असेल तर तुमचं नाव त्यावर बँकेच्या नोंदीत नीट आहे ना, ते आधी बघा.

खातं झालं की वेगवेगळ्या चलनांचे खिसे उघडता येतात आणि काही प्रमुख चलनांसाठी स्थानिक खाते क्रमांक मिळतात: ब्रिटनसाठी सहा आकडी सॉर्ट कोड (बँक-शाखेची ओळख) आणि आठ आकडी क्रमांक, अमेरिकेसाठी नऊ आकडी राउटिंग क्रमांक (बँकेची ओळख), युरोसाठी आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक. कोणते क्रमांक मिळतील, कार्ड मिळेल की नाही, हे तुमच्या राहत्या देशावर ठरतं. ज्या देशातून निघताय आणि ज्यात चाललाय, दोन्हींची यादी कंपनीच्या साइटवर आधी तपासा. नुसतं पैसे पाठवणं चालतं पण शिल्लक ठेवता येत नाही, असेही देश आहेत.

पाठवण्याची प्रक्रिया वरवर पाच बोटांची. रक्कम टाका, समोरच्याचा तपशील भरा, कारण निवडा, भरणा करा, वाट बघा. अडतं ते बारकाव्यात.

आयबॅन घ्या. कमाल ३४ अक्षरांचा असतो, देशाप्रमाणे लांबी पक्की: नॉर्वे १५, नेदरलँड्स १८, जर्मनी २२, फ्रान्स २७. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढचे दोन अंक तपासणीचे. हे अंक ९७ ने भागण्याच्या गणितावर बेतलेले आहेत, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा दोन शेजारचे अंक उलटसुलट झाले तर यंत्रणा तिथेच अडवते. पण चॅटमधून कॉपी करताना दुसऱ्याच माणसाचा बरोबर आयबॅन चिकटवला तर गणित खुशाल होकार देतं. त्यासाठी नावाची पडताळणी आली. ब्रिटनमध्ये ती २०२० पासून आहे, आणि युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ऑक्टोबर २०२५ पासून सक्तीची झाली. उत्तर साधारण तीन प्रकारचं येतं: जुळतं, जवळपास जुळतं, जुळत नाही. ‘जवळपास’ आलं तर दाखवलेलं नाव वापरा. ‘जुळत नाही’ आलं तर घरमालकाला फोन करा, आणि फोन त्याच ईमेलमधल्या नंबरवर नको. भाड्याच्या फसवणुकीत ईमेलही त्यांचाच आणि नंबरही त्यांचाच असतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आयबॅन वापरत नाहीत, तेव्हा तिथल्या खात्यासाठी कुणी आयबॅन मागत बसलं तर अर्ज चुकीचा आहे.

संदर्भाचा रकाना लोक रिकामा सोडतात. वाईजमधून जाणारी रक्कम काही मार्गांवर समोरच्याला तुमच्या नावाने दिसत नाही, वाईजच्या नावाने दिसते. घरमालकाच्या विवरणात ‘वाईज, २,४००’ एवढंच आलं तर त्याला कोणत्या भाडेकरूचे ते कळणार कसं? घर क्रमांक आणि आडनाव लिहा. गंमत मात्र लिहू नका. प्रत्येक व्यवहाराची नावं आणि मजकूर निर्बंधांच्या याद्यांशी, म्हणजे ज्यांच्याशी व्यवहाराला बंदी आहे त्यांच्या याद्यांशी, यंत्र ताडून बघतं, आणि मित्राला चिडवायला लिहिलेला एखादा शब्द रक्कम चार दिवस अडकवू शकतो.

वेळ. दर ठरावीक तासांसाठी बांधून मिळतो, तेवढ्यात तुमचा भरणा पोचला पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी, बँकेची वेळ संपल्यावर सुरू केलेला व्यवहार बऱ्याचदा सोमवारी पोचतो आणि तोवर बांधलेला दर सुटलेला असू शकतो. सुट्ट्या दोन्ही देशांच्या मोजायच्या. अनामतीची तारीख सोमवारची असेल तर आदल्या मंगळवारी पाठवा. आणि पहिल्या व्यवहाराला जास्त वेळ लागतो, हे धरूनच चाला. तपासणी तेव्हाच होते. म्हणून निघण्याआधीच ५० युरोंचा एक चाचणी व्यवहार करून टाकावा. शुल्क थोडं जाईल, पण नाव, क्रमांक, मर्यादा सगळं एका फटक्यात कळतं.

मोठ्या रकमेला, म्हणजे घर विकून आलेले किंवा वारशाचे पैसे, कागद तयार ठेवा: विक्रीखत, पगारपत्रकं, रक्कम कुठून आली ते दाखवणारं बँकेचं सलग विवरण. विचारणा व्यवहार सुरू झाल्यावर येते आणि तोवर पैसे अधांतरी राहतात. अर्धवट स्क्रीनशॉट चालत नाही. नाव, खाते क्रमांक, तारीख एकाच पानावर दिसणारी पीडीएफ लागते. विचारणा नको म्हणून रक्कम मुद्दाम लहान तुकड्यांत पाठवणं ही सगळ्यात वाईट युक्ती. तुकडे पाडणं हीच संशयाची खूण मानली जाते. खरा अडथळा बहुधा तुमच्या जुन्या बँकेची रोजची ऑनलाइन मर्यादा असते. ती वाढवायला काही ठिकाणी शाखेतच जावं लागतं, म्हणून निघण्याआधी वाढवून घ्या.

आणि ओटीपी. जुन्या बँकेचा सांकेतिक क्रमांक जुन्या सिमवर येतो. सिम बंद झालं की खात्यात लाख असोत की कोटी, बघता येतात पण हलवता येत नाहीत. निघण्याआधी बँकेच्या ॲपमधली मंजुरी सुरू करा, नंबर परदेशी करून मिळतो का ते विचारा, आणि नाहीच तर ते सिम किमान एक वर्ष कमीत कमी खर्चाच्या योजनेवर जिवंत ठेवा. वाईजमध्येही लॉगिनची दुसरी पायरी एसएमएसवरून काढून ॲपवर न्या.

आता एकमेव खातं म्हणून दिलेल्या अडीच गुणांबद्दल. युरोपीय रहिवाशांना वाईजचा युरो आयबॅन बेल्जियमचा मिळतो, बीईने सुरू होणारा, १६ अक्षरांचा. कायद्याने तो युरोपात कुठेही चालला पाहिजे. सेपा ही युरोतल्या भरण्यांची सामाईक युरोपीय व्यवस्था, आणि तिच्या २०१२ च्या नियमावलीचं नववं कलम सांगतं, की पैसे देणारा किंवा घेणारा खातं कोणत्या देशातलं असावं हे ठरवू शकत नाही. प्रत्यक्षात पगार विभागाचा ऑनलाइन अर्ज डीई (जर्मनी) किंवा एफआर (फ्रान्स) खेरीज काही स्वीकारत नाही, मोबाइल कंपनीचा अर्ज लाल रेघ दाखवतो. तक्रार करता येते आणि करावीही. पण तक्रारीचा निकाल यायच्या आत पगाराची तारीख येते. खेरीज रोख भरता येत नाही, धनादेश भरता येत नाही, कर्ज नाही, ओव्हरड्राफ्ट नाही.

सुरक्षिततेबाबत गल्लत जास्त. वाईज ही ब्रिटनमध्ये इलेक्ट्रॉनिक पैशांची आणि युरोपीय संघात पेमेंटची परवानाधारक संस्था आहे. ग्राहकांचा पैसा तिला स्वतःच्या पैशापासून वेगळा ठेवावा लागतो. पण हा ठेवविमा नव्हे. बँक बुडाली तर युरोपीय संघात प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे १ लाख युरोपर्यंत, ब्रिटनमध्ये १ डिसेंबर २०२५ पासून १ लाख २० हजार पौंडांपर्यंत, अमेरिकेत अडीच लाख डॉलरपर्यंत भरपाई आहे. वेगळा ठेवलेला पैसा परत मिळायला मात्र दिवाळखोरीची प्रक्रिया पार पडावी लागते आणि तिचा खर्च त्यातूनच जाऊ शकतो. जून २०२० मध्ये वायरकार्ड ही जर्मन पेमेंट कंपनी कोसळली तेव्हा तिच्या ब्रिटिश कंपनीवर नियामकाने निर्बंध घातले आणि तिच्यावर विसंबलेल्या कार्डांचे-ॲपचे ग्राहक काही दिवस स्वतःच्याच पैशाला मुकले. पैसा बुडाला नाही, पण त्या दिवसांत हातात दुसरं कार्ड नव्हतं त्यांची पंचाईत झाली. म्हणून वाईजमध्ये फार तर महिना-दोन महिन्यांचा खर्च, बाकी बँकेत.

स्थानिक बँक खातं त्यामुळे हवंच, आणि वाईजचा खरा उपयोग तिथवर पोचवण्यात आहे. घराला खातं लागतं, खात्याला पत्ता लागतो, पत्त्याला घर लागतं, ही गाठ सोडवायची ती अशी: वाईजमधून अनामत भरा, भाडेकरार हातात घ्या, जिथे पत्त्याची नोंदणी सक्तीची आहे तिथे ती करा, मग बँकेत जा. सोबत पासपोर्ट, निवासपरवाना किंवा व्हिसा, भाडेकरार किंवा नोंदणीचा दाखला, नोकरीचं पत्र, करक्रमांक असेल तर तो. बँक ‘तुमचा इथे जुना पत्ता नाही’ म्हणून परत पाठवते तेव्हा युरोपीय संघात बँक खात्यांविषयीच्या २०१४ च्या निर्देशाचं नाव घ्यावं: कायदेशीरपणे राहणाऱ्या कुणालाही मूलभूत खात्याचा हक्क आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं उघडावं किंवा नकार द्यावा. मात्र काउंटरवर ‘मूलभूत खातं’ हे शब्द स्थानिक भाषेत उच्चारावे लागतात. स्वतःहून ते कुणी पुढे करत नाही.

अर्जात कराच्या रहिवासाचा एक प्रश्न असतो, तो घाईत भरू नका. ज्या ज्या देशात तुम्ही करदृष्ट्या रहिवासी आहात ते सगळे आणि तिथले करक्रमांक मागतात. या माहितीची शंभरहून अधिक देशांत आपसूक देवाणघेवाण होते. स्थलांतराच्या वर्षी दोन देश येऊ शकतात. एकच लिहिला तर दोन वर्षांनी पत्र येतं.

बँकेचं कार्ड आणि पिन बहुतेकदा वेगवेगळ्या पाकिटांत, दोन-चार दिवसांच्या अंतराने येतात. जर्मनीसारख्या देशात पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो, घर क्रमांक बरोबर असला तरी. भाड्याच्या खोलीत राहायला गेल्या दिवशी पेटीवर नावाची चिठ्ठी लावणं हे बँकेच्या कामाचाच भाग समजा.

स्थानिक खातं चालू झालं की पगार आणि आपोआप कापली जाणारी बिलं तिकडे न्या, वाईजमधला पत्ता बदला (कार्ड नव्याने मागवावं लागू शकतं) आणि जुन्या देशातून पैसे आणण्यापुरतं ते ठेवा. जुनं बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. घराची जुनी अनामत, विम्याचा उरलेला हप्ता, कराचा परतावा हे सगळं महिन्यांनी येतं, काही ठिकाणी धनादेशाने येतं, आणि तो धनादेश वटवायला तेच खातं लागतं.